३०४ च्या बंड्याला कोणी खायला घालू नये (कृपया पूर्ण वाचा)

बी विंग रहिवासी

मंगळवार

१०२ साठे काकू, सकाळी ७:५२
सुप्रभात. ३०४ वाले कोणी जागे आहेत का? तुमचा बोका पहाटे साडेतीनपासून आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून ओरडत होता. शेवटी उठून दूध-पोळी कुस्करून दिली, तेव्हा गप्प झाला. घरात खायला देत नाही का गं त्याला?

२०१ प्रशांत, ७:५८
आमच्याकडेपण येतो. काल रात्री मांदेलीची डोकी खाऊन गेला.

५०३ नेने काका, ८:०३
आणि संध्याकाळी आमच्याकडे दहीभात. पाठीचा कणा हाताला लागतोय बिचाऱ्याच्या.

३०४ रेवती, ८:१०
अरे देवा! दूध-पोळी, मांदेली आणि दहीभात, सगळं एका रात्रीत.
आज सकाळी शुगर ३९० का आली ते आत्ता कळलं.

१०२ साठे काकू, ८:११
कोणाची शुगर?

३०४ रेवती, ८:१२
बंड्याची. त्याला डायबेटीस निघालाय काकू. बारा दिवस झाले. ग्रुपवर सांगायला हवं होतं, राहून गेलं.

६०२ मयूर, ८:१२
मांजराला डायबेटीस?? 😮

कमिटी सेक्रेटरी, ८:१५
ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. उद्या टाकी साफ होणार, १० ते २ पाणी बंद. पाणी भरून ठेवणे.

३०४ रेवती, ८:३१
सेक्रेटरी काका, दोन मिनिटं द्या. हा विषय सगळ्या मजल्यांचा आहे, कारण बंड्या सगळ्या मजल्यांवर जेवतो.

तो आता १० वर्षांचा आहे, ऑपरेशन केलेला बोका. वजन ६.९ किलो होतं, आम्ही कौतुकाने 'पैलवान' म्हणायचो. तीन महिन्यांत ५.४ वर आला. खाणं दुप्पट झालं, तरी वजन कमी. पाण्याची वाटी दिवसातून तीनदा भरावी लागायची आणि त्याच्या ट्रेमधल्या रेतीत नारळाएवढे गोळे. मागच्या पायांचा घोटा टेकवून सपाट चालायला लागला, तेव्हा मात्र घाबरले. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला नेलं. तिथे शुगर ४१२. पण दवाखान्यात घाबरल्यामुळेही मांजराची शुगर उसळते, म्हणून मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी कळावी यासाठी फ्रुक्टोसामाईन नावाची रक्ततपासणी केली. तीही वाढलेलीच.

आता भुकेचं. डॉक्टरांनी सांगितलेलं मी आपल्या भाषेत सांगते. गच्चीवरची टाकी तुडुंब भरलीय, पण खाली येणारा व्हॉल्व बंद आहे. घरोघरी नळ कोरडे, आणि सगळे 'पाणी नाही, पाणी नाही' म्हणून ओरडतायत. टँकर मागवून टाकीत आणखी ओतलं तर काय होईल? ओव्हरफ्लोच्या पाइपातून वाहून जाईल. बंड्याच्या रक्तात साखर मावत नाही, पण इन्शुलिन पुरत नाही म्हणून ती अंगात शिरत नाही. अंगाला वाटतं उपास चाललाय, म्हणून तो ओरडतो. आणि रक्तातली साखर साधारण २५० ते ३०० च्या वर गेली की लघवीतून वाहायला लागते, जाताना पाणीही ओढून नेते. म्हणून ती तहान.

म्हणजे तो नाटक करत नाहीये काकू, त्याला खरंच भूक लागते. पण ती दूध-पोळीने भागणारी नाही.

५०३ नेने काका, ८:४०
मला निदान झालं तेव्हा मीही असाच वागत होतो. रात्री दोनला उठून डब्यातले लाडू खायचो. सौ.ला वाटलं डोकं फिरलं. किती युनिट देतेस?

३०४ रेवती, ८:४२
१ युनिट, सकाळी ७ ला आणि संध्याकाळी ७ ला. ग्लार्जिन नावाचं इन्शुलिन.

५०३ नेने काका, ८:४३
माझंही ग्लार्जिनच! रात्री २२ युनिट. लागलं तर माझ्याकडून घेऊन जा.

३०४ रेवती, ८:४५
नको काका, तुमचं तुम्हाला राहू द्या. 🙏 पण परवा तुम्हीच वाचवलंत हं. मी जवळच्या मेडिकलमधून सिरिंज आणली, ती निघाली लाल टोपीची. लिफ्टमध्ये काकांनी पिशवीत बघितलं आणि तिथेच थांबवलं. लाल टोपी म्हणजे ४० वाली (एका मिलीत ४० युनिटच्या इन्शुलिनसाठी), आणि ग्लार्जिन असतं १०० वालं, एका मिलीत १०० युनिट. त्या सिरिंजने '१' च्या खुणेपर्यंत भरलं असतं तर प्रत्यक्षात अडीच युनिट गेलं असतं. १०० वाल्या इन्शुलिनला नारिंगी टोपीचीच सिरिंज.

४०१ स्नेहल वहिनी, ८:५०
गोळी नाही का मिळत? इतक्या लहान जिवाला दिवसाला दोन सुया!

७०१ आपटे काका, ८:५८
मुलीला अमेरिकेत विचारलं. तिकडे डिसेंबर २०२२ मध्ये मांजरांसाठी गोळी मंजूर झाली, बेक्साग्लिफ्लोझिन. पण आधी इन्शुलिन घेतलेल्या मांजराला ती देत नाहीत म्हणे.

३०४ रेवती, ९:०१
हो, आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. सुई इतकी बारीक आहे की खाताना मानेमागची कातडी उचलून टोचली तर तो मान वर करूनही बघत नाही. कानाच्या कडेला टोचून शुगर बघते, तेव्हा मात्र शिव्या देतो.

१०३ देसाई आजी, ९:०६
कारल्याचा रस दे. मेथीदाणे भिजवून ते पाणी. माझ्या दिराला फार गुण आला.

३०४ रेवती, ९:०८
आजी, बंड्याला कारलं पाजायचं तर आधी मला चिलखत घालावं लागेल.

२०१ प्रशांत, ९:१०
पण एक सांग, मांदेली तर मासा आहे. त्यात कुठे साखर?

३०४ रेवती, ९:२४
बरोबर आहे प्रशांतदादा. साखरेच्या हिशेबात मांदेली एक वेळ परवडली, पण तळलेली, मीठ-मसाल्याची नको, काटेही नकोत. खरा घोळ दूध, पोळी, भात, बिस्किटं यांचा. मांजर मुळात मांसावर जगणारं जनावर. आपण पिढ्यानपिढ्या त्याला दूध-भातावर वाढवत आलो, त्याचं पोट काही बदललं नाही. आणि माझीही चूक आहे. कॅटफूडचे बशीभर सुके दाणे दिवसभर ठेवलेले असायचे, येता-जाता खायचा. त्या दाण्यांत पीठ भरपूर असतं, पाकिटावर मासा काढलेला असला तरी.

आता दाणे बंद, ओलं खाणं सुरू. तेही रश्शाचं नाही, कारण रस्सा दाट करायला बरेचदा स्टार्च घालतात. घट्ट लगद्यासारखं मिळतं, ते. पाकिटावर कार्बोहायड्रेट लिहिलेलं नसतं, म्हणून मी गणित करते. प्रोटीन, फॅट, फायबर, पाणी आणि राख (म्हणजे क्षार) यांची बेरीज १०० मधून वजा, उरेल ते पीठ. फक्त खाणं एकदम नाही बदललं. पीठ कमी झालं की शुगर उतरते, आणि इन्शुलिन तेवढंच राहिलं तर ती फारच खाली जाईल. म्हणून डॉक्टरांना रोज आकडे पाठवत हळूहळू.

१०२ साठे काकू, ९:३०
ते सगळं ठीक. पण रात्रभर ओरडतो त्याचं काय? थोडं जास्त दे की, ओलं तर ओलं.

३०४ रेवती, ९:४६
पहिल्या आठवड्यात मी तेच करत होते काकू. ओरडला की वाटी, ओरडला की वाटी. चार दिवसांत तो इतकं शिकला की मी कूस बदलली तरी ओरडायचा.

मग डॉक्टरांनी दिवसाचं माप ठरवून दिलं. तेवढंच खाणं मी सहा वाट्यांत वाटते. इन्शुलिनच्या वेळच्या दोन मोठ्या, बाकी चार बोटभर. प्रत्येकीत दोन चमचे कोमट पाणी कालवते, म्हणजे वाटी भरल्यासारखी दिसते आणि चाटायला वेळ लागतो. मध्येच फार मागे लागला तर बिनमिठाचं उकडलेलं चिकन, दोन धागे. नुसत्या चिकनवर मांजर ठेवता येत नाही, त्यात कॅल्शियम वगैरे पुरेसं नसतं, पण वेळ मारून न्यायला चालतं. पहाटे साडेतीनसाठी टायमरचा डबा आणलाय, खाली बर्फाची पिशवी ठेवायचा. आधी वाटी फ्रीझरमध्ये गोठवून ठेवून बघितली, पण आपल्या उकाड्यात ती एक वाजताच विरघळली आणि सव्वाला साफ झाली.

उलट टोकही नको. शुगर वाढली म्हणून एकदम खाणं तोडू असंही करता येत नाही. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरमध्ये चरबी साठून जीवावर बेतू शकतं. पाणी तर कधीच कमी करायचं नाही.

६०२ मयूर, ९:५०
एवढं सगळं मांजरासाठी. माझी आई माझी एवढी काळजी घेत नाही.

६०२ मयूरची आई, ९:५१
तू सकाळी ७ ला उठत नाहीस.

४०१ स्नेहल वहिनी, ९:५५
पण रेवती, एखाद दिवस कोणी वाटीभर दूध दिलं तर एवढं काय बिघडतं? खरंच विचारतेय, टोमणा नाही.

३०४ रेवती, १०:१२
वहिनी, हाच मुख्य मुद्दा. दूध त्याला त्या दिवशी मारणार नाही.

समजा रोज कोणी ना कोणी काहीतरी देतंय आणि मला माहीत नाही. शुगर ३९० दिसते. मी आकडा डॉक्टरांना पाठवते, त्यांना वाटतं इन्शुलिन कमी पडतंय, ते डोस वाढवतात. तो डोस माझ्या सहा वाट्या अधिक काकूंची दूध-पोळी अधिक काकांचा दहीभात, या सगळ्याच्या हिशेबाने बसतो. आणि मग येतात गणपती. अर्धी विंग कोकणात. दूध-पोळी बंद, दहीभात बंद, डोस तोच. शुगर धाडकन खाली.

शुगर पडली की तो झिंगल्यासारखा चालेल, कोपऱ्यात पडून राहील, झटके येतील. असं कधी जिन्यात दिसलं तर मला फोन करा, आणि मी येईपर्यंत बोटाने हिरड्यांना थोडा मध किंवा ग्लुकोज चोळा. तोंडात ओतू नका, घशात जाईल. तेवढ्या एका वेळी गोड द्यायचं, एरवी नाही.

५०३ नेने काका, १०:१५
पटलं. आमच्याकडून दहीभात बंद. माझाही बंद आहे खरं तर, सौ. ग्रुपवर नाही म्हणून सांगतो.

१०२ साठे काकू, १०:१९
मी त्याला हाकलू कशी पण? तो नुसता बघतो गं.

३०४ रेवती, १०:२२
हाकलू नका काकू. पाच मिनिटं दोरी हलवा त्याच्यापुढे, खेळतो अजून. आणि आला की मला एक मिस कॉल द्या, पहाटे असला तरी. डक्टच्या बाजूच्या खिडकीला उद्या जाळी लावून घेते.

कमिटी सेक्रेटरी, १०:२५
जाळी बाहेरच्या बाजूने लावायची असल्यास कमिटीला अर्ज. आणि उद्या १० ते २ पाणी बंद, हे कोणी वाचलंय का?

तीन आठवड्यांनंतर, रविवार

३०४ रेवती, रात्री ८:०४
बंड्याचा रिपोर्ट. या आठवड्यात शुगर १६० ते २३० च्या मध्ये. वजन ५.६. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीलाच इन्शुलिन आणि कमी पिठाचं खाणं नीट सांभाळलं तर काही मांजरांचं इन्शुलिन सुटतंही. आपला नंबर लागेल की नाही माहीत नाही. पण आज पहिल्यांदा त्याने वाटीत खाणं शिल्लक ठेवलं!

१०२ साठे काकू, ८:०६
अगं बाई! मग उरलेलं काय केलंस?

३०४ रेवती, ८:०७
काही नाही. फोटो काढायला मोबाईल आणेपर्यंत परत येऊन खाल्लं.

५०३ नेने काका, ८:०९
माझी उपाशीपोटी १४२. मला कोणी विचारत नाही.