बोल्टनचं ‘नीट’ आणि पर्सी स्लेजचं ‘बेसूर’? जरा बोलू या

तबकडी_७८
काल इथे एकाने लिहिलं की ‘व्हेन अ मॅन लव्हज अ वुमन’ हे इंग्रजी गाणं नीट गायलं ते मायकेल बोल्टननेच, पर्सी स्लेजचं मूळ म्हणजे कच्चा डेमो, आवाज फाटलेला, मागचा ब्रास, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सची साथ, बेसूर. गप्प बसणार होतो, पण रात्रभर डोक्यात तेच. अहो, बेसूर आहेच तो ब्रास! १९६६ मध्ये अलाबामातल्या शेफील्डला क्विन आयव्हीच्या छोट्याशा स्टुडिओत हे रेकॉर्ड झालं. अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीच्या जेरी वेक्सलरलाही ब्रास खटकला, त्याने परत वाजवून घ्यायला सांगितलं, यांनी वाजवलाही, आणि मग टेपांची अदलाबदल होऊन जुनीच टेप बाजारात गेली असं सांगतात. तीच अमेरिकेत एक नंबरला पोचली, अटलांटिकची पहिली गोल्ड रेकॉर्ड. म्हणजे दुरुस्त केलेलं कपाटात राहिलं आणि लोकांनी बिघडलेलं डोक्यावर घेतलं. पर्सी तेव्हा हॉस्पिटलात वॉर्डबॉय होता, शनिवार-रविवार बँडमध्ये गायचा. स्टुडिओतल्या स्पूनर ओल्डहॅमचा फार्फिसा (इलेक्ट्रिक) ऑर्गन रिकाम्या चर्चमध्ये वाजल्यासारखा सुरू होतो आणि त्यावर हा माणूस हळूहळू चढत जातो. बोल्टन पहिल्या ओळीलाच टाहो फोडतो, मग शेवटाला काय शिल्लक राहणार, कपाळ?

सूर_नाशिक
तो ‘एकाने’ म्हणजे मी, नाव घ्यायला काय झालं होतं? १९९२ ला होस्टेलवर रूममेटने बोल्टनची कॅसेट आणली, टेप अडकली की पेन्सिल घालून फिरवायची, परत तेच गाणं. पर्सी स्लेज कोण हे आम्हाला ठाऊकच नव्हतं, यात आमचा काय गुन्हा? बोल्टनचंही १९९१ मध्ये एक नंबरला गेलं, वर ग्रॅमी. ते सगळे बहिरे होते का? आणि बेट मिडलरने १९७९ मध्ये ‘द रोझ’ सिनेमात तेच गाणं गाताना किती आरडाओरडा केलाय, तिला कोणी काही म्हणत नाही.

रेवा_दादर
बेट मिडलर त्यात दारू आणि ड्रग्जने खचलेल्या गायिकेचं काम करतेय, तिने ओरडायचंच आहे. बोल्टनला काय झालं होतं?

म्हापश्याचा_बेसवाला
मी पंधरा वर्षं लग्नांच्या बँडमध्ये बेस वाजवतोय. गाणं सहाच्या ठेक्यात, आपल्या दादऱ्यासारखं डुलणारं, आणि बेस एकेक पायरी उतरतो, सा नी ध प म. बोटं झोपेत वाजवतील. मजा पुढे आहे. नवरा-नवरीला पहिल्या डान्सला हेच पाहिजे! शब्द कोणी ऐकतच नाही. त्यातला माणूस बाईपायी आंधळा झालाय, शेवटचा पैसा घालवतोय, मित्राला तोडतोय, ती त्याला खेळवतेय आणि ह्याला पत्ता नाही. मी एकदा एका नवऱ्याला सांगायला गेलो तर तो म्हणाला, अंकल, तुम्ही बोल्टनवालं वाजवा.

तबकडी_७८
घ्या! हेच म्हणतोय मी, बोल्टनने त्याचं लग्नाचं गाणं केलं.

ऑर्गनवाला_सांगली
सुरांवरून काय भांडताय, पैशाचं बोला. या गाण्यावर गीतकार-संगीतकार म्हणून नावं आहेत कॅल्व्हिन लुईस आणि अँड्र्यू राइट, पर्सीच्याच बँडमधले बेसवाला आणि ऑर्गनवाला. पर्सी सांगायचा की चाल माझीच, मीच श्रेय त्यांना देऊन टाकलं. आणि अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं लागलं की पैसे लिहिणाऱ्याला मिळतात, गाणाऱ्याला नाही. म्हणजे बोल्टनची कॅसेट नाशिकच्या होस्टेलवर झिजत होती तेव्हा पर्सीला त्यातून लेखनाची दमडी नाही. माझंही तेच झालंय. २००१ मध्ये एका जाहिरातीसाठी आठ सेकंदांची धून बांधली, पाकिटात तीन हजार, कागदावर नाव दुसऱ्याचं. चार वर्षं टीव्हीवर वाजली, माझी मुलगी बालवाडीत तीच गुणगुणायची, आणि मी म्हणू शकत नव्हतो की बाळा ही माझी आहे.

सूर_नाशिक
वाईट झालं, पण सही करताना वाचायचं ना. आणि पर्सीने तर स्वतःहून दिलं म्हणताय, मग बोल्टनवर राग कशाला?

ऑर्गनवाला_सांगली
वाचायचं? घरात आई आजारी, खिशात चाळीस रुपये, समोर पाकीट. तुम्ही वाचलं असतंत साहेब, तुम्ही होस्टेलवाले.

रेवा_दादर
होस्टेलवरून घसरू नका. पण लुईस आणि राइटला सगळे चोर ठरवताय ते मला पटत नाही. मूळ धून पर्सीने गुणगुणली असेल, तिचं गाणं बनवताना शेजारी उभं राहून वाजवणाऱ्यांचा काहीच हात नाही? ऑर्गनवाले तुम्हीच आहात ना, तरी गायकाचीच बाजू? माझा भाऊ नाटकाला पार्श्वसंगीत देतो, त्याचं नाव पोस्टरवर नारळ कोणी फोडला त्याच्याही खाली असतं.

ऑर्गनवाला_सांगली
... हा मुद्दा आहे. आवडला नाही, पण आहे.

तबकडी_७८
ज्यांना बोल्टनचा फार पुळका आहे त्यांच्यासाठी: १९९४ मध्ये ज्युरीने त्याच्या ‘लव्ह इज अ वंडरफुल थिंग’ मध्ये आयस्ले ब्रदर्स या जुन्या गटाच्या गाण्याची उचल आहे असा निकाल दिला. भरपाई जवळपास ५४ लाख डॉलर.

सूर_नाशिक
त्याचा या गाण्याशी काय संबंध? वकील आहात का? बरं, काल रात्री हेडफोन लावून तुमचा पर्सी तीनदा ऐकला. ब्रास बेसूर आहे तो आहेच. पण शेवटी शेवटी आवाज फुटायला येतो आणि फुटत नाही, तिथे रिवाइंड केलं, हे मान्य. बायको विचारायला आली, बरं आहे ना. आणि तरीही कॅसेट फेकणार नाही, सांगून ठेवतो.

तबकडी_७८
फेकू नका, पेन्सिल जपून ठेवा.

म्हापश्याचा_बेसवाला
शनिवारी मडगावला रिसेप्शन आहे. यादी आली, तिसऱ्या नंबरला तेच, कंसात ‘बोल्टन’. सॅक्सवाल्याला सांगितलंय, यावेळी जरा बेसूर लाव. तो म्हणतो, वेगळं काय करायचं त्यात?