नाशकात भाड्याने घर शोधतेय, तुमच्या एरियातले खरे अनुभव सांगा

धागाकर्ती

नमस्कार मंडळी. नवऱ्याला अंबड एमआयडीसीत नोकरी लागलीये, जूनच्या आत पुण्याहून सामान हलवायचंय. पाथर्डी फाटा, राणेनगर आणि अशोका मार्ग असे तीन फ्लॅट बघून ठेवलेत. एजंटला विचारलं तर तिन्हीकडे "एकदम सेफ एरिया, मॅडम". पेपर उघडला तर रोज कोयता. म्हटलं आकडे बघू, तर एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारं सरकारी खातं) महानगरांच्या तक्त्यात आपल्याकडची मुंबई, पुणे, नागपूर एवढीच, ती यादी 20 लाखांच्या वरच्या शहरांची आणि 2011 च्या जनगणनेत नाशिक 15 लाखांच्याही आतच. सासूबाई सोबत असणार, त्यांना पहाटे फिरायची सवय, आणि माझी सेकंड शिफ्ट, म्हणजे घरी यायला रात्रीचे अकरा. ऐकीव नको, स्वतःचं लिहा.

गोदाकाठची

आमचं घर इंदिरानगरात. आईची पोत गेली त्याला आता तीन वर्षं झाली. सकाळचे साडेसहा, थंडीचे दिवस, जॉगिंग ट्रॅकवरून घरी येत होती, बाईकवर दोघं, मागच्याने विचारलं काकू इकडे दत्तमंदिर कुठंय, आणि ही हात करून सांगायला लागली तेवढ्यात ओढली. हिनेही धरून ठेवली म्हणून अर्धी तुटून हिच्या मुठीत राहिली. मी पळत पोचले तर आई रस्त्यात खाली बसून काळे मणी वेचत होती. मानेवर हा एवढा लाल वळ, पण उठायलाच तयार नाही, म्हणे अजून दोन तिकडे गटारीच्या जाळीपाशी गेलेत.

112 ला फोन केला, बीट मार्शल लवकर आले, खोटं कशाला बोलू. खरं डोकं गेलं ते पुढे. सोन्याची पावती आणा. अहो 22 वर्षांपूर्वीची पोत, पावती कुठून आणू? शेवटी माझ्या भावाच्या लग्नातला आईचा फोटो नेऊन दाखवला. नऊ महिन्यांनी फोन आला की टोळी सापडली, सोनं सराफाकडून जप्त केलंय, पण वितळवलेलं. कोर्टात अर्ज, बंधपत्र, चार चकरा, आणि हातात आली एक लगड. बिस्किटाच्या तुकड्याएवढी. आई ती डब्यात ठेवून देते, परत घडवायची नाही म्हणते, गळ्यात आता बेन्टेक्सची.

तुमच्या सासूबाईंना सांगा, फिरायला जाताना गळ्यात काही नको आणि बाईकवाल्याला पत्ता सांगायला थांबायचं नाही.

सिडकोकर

तिसऱ्या स्कीममध्ये जन्म गेला आपला. लोक सिडको म्हटलं की तोंड वाकडं करतात, तर आधी हे ऐका. गल्ल्या अरुंद, घरं लहान, त्यामुळे गाड्या रस्त्यावर. मागच्या वर्षी एका रात्रीत आमच्या लायनीतल्या सात गाड्यांच्या काचा फोडल्या. आमच्याशी भांडण ना तंटा, पलीकडच्या गल्लीतल्या पोरांना आपली दहशत दाखवायची होती. पकडले तेव्हा दोघांना मिसरूडही फुटलेलं नव्हतं. माझा इन्शुरन्स थर्ड पार्टी, म्हणजे काच माझ्याच खिशातून.

पण पोरगी क्लासवरून रात्री दहाला एकटी येते तेव्हा मी बघायलाही जात नाही, कारण ओट्यावर बायका बसलेल्या असतात, कोण कोणाच्या मागे आलं ते सगळ्यांना दिसतं. टॉवरमध्ये लिफ्टला भेटणारा माणूस कोण हे तरी माहीत असतं का?

बाकी 2025 च्या ऑक्टोबरात पोलिसांनी भाई लोकांकडून "नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला" वदवून घेतलं ते व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. मजा आली बघायला. आमच्या चौकातली टोळकी दोन महिने गायब होती, आता पुन्हा केक कापायला रस्त्यावर.

रिटायर्ड माणूस

34 वर्षं बँकेत नोटा मोजल्या, खोटी नोट बोटांना कळायची. आणि गंगापूर रोडला भर दुपारी एका साध्या वेशातल्या "साहेबां"नी सांगितलं की बाबा पुढे चेकिंग चालूये, अंगठी अन् चेन काढून रुमालात ठेवा, मी काढली. त्यांनीच गाठ मारून दिली. घरी सोडली तर दोन खडे आणि एक वॉशर. सौ. अजून पाहुण्यांसमोर वॉशर काढून दाखवते.

जेलरोडवाला

आकड्यांचं विचारलंत म्हणून सांगतो. सीबीएसवरून नाशिकरोडच्या बसमध्ये चढताना खिशातून मोबाईल मारला, धक्का बसला तो पण कळला मला. तक्रार द्यायला गेलो तर म्हणे चोरी कशाला, "गहाळ" लिहा, लवकर काम होतं. लिहिलं. त्याच दाखल्यावर सीईआयआर पोर्टलला (हरवलेले, चोरीचे मोबाईल ब्लॉक करायची सरकारी साइट) आयएमइआय, म्हणजे मोबाईलचा ओळख नंबर, टाकून ब्लॉक केला आणि चार महिन्यांनी मिळाला पण परत, ते क्रेडिट देतो. पण आता कागदावर माझा मोबाईल चोरीला गेलाच नाही, माझ्या हातून पडला. अशी किती जणांची पडापड झाली असेल ते तुम्हीच बघा, आणि मग कोणत्या ठाण्याच्या हद्दीत गुन्हे कमी याची यादी लावा.

रात्रपाळी

मी नर्स आहे, मुंबई नाक्याहून अशोका मार्गाला घरी जाते स्कूटीवर. मेन रोडला काही भीती नाही, भीती आहे ती शेवटच्या पाचशे मीटरची, जिथे मोकळे प्लॉट आणि बंद पडलेला दिवा. एकदा दोन पोरं मागे लागली, मी हळू केली की हळू, जोरात की जोरात. घराकडे वळलेच नाही, सरळ अंडाभुर्जीच्या गाडीपाशी जाऊन उभी राहिले. भुर्जीवाले दादा काही बोलले नाहीत, उलथनं हातात घेऊन नुसते माझ्या बाजूला येऊन उभे. गेली पोरं. तेव्हापासून आठवड्यातून एकदा तिथे हाफ फ्राय खाते, भूक असो नसो. दिव्याची तक्रार तीनदा केली, अजून बंदच.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. काल एजंटला न सांगता रात्री अकराला राणेनगरला जाऊन आलो. वॉचमन काका खुर्चीत घोरत होते, गेट उघडं, आम्ही थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन आलो. पण गल्लीत दिवे सगळे चालू, कोपऱ्यावर एक मेडिकल उघडं आणि समोर दोन आजोबा बाकावर बसलेले, त्यांनी लगेच हटकलं, कोणाकडे आलात म्हणून. नवऱ्याला राग आला, मला मात्र तो फ्लॅट तिथेच आवडला. पाथर्डी फाट्याचा पण रात्रीच बघणार आहे. तिकडचं कोणी आहे का इथे?