मदत हवी आहे: ईसीसी८८ ट्यूबचा ऑपरेटिंग पॉइंट (सिग्नल नसतानाचे व्होल्टेज-करंट) जमत नाहीये, हेडफोनवर आवाज फाटतो

सोल्डरधूर: ट्यूबचा हेडफोन अँप बनवतोय, तीन रविवार गेले यात. एका ट्यूबमध्ये दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल वाढवणारे दोन भाग. पहिली ट्रायोड गेनला, दुसरी तिला थेट जोडलेली, कॅथोड फॉलोअर, म्हणजे हेडफोनला करंट पुरवणारी. एचटी (ट्यूबचा मुख्य सप्लाय) १५० व्होल्ट, प्लेटला ३३के, म्हणजे ३३ हजार ओहमचा रेझिस्टर. प्लेटवर ७५ व्होल्ट येतात, कॅथोडवर १.८. डेटाशीटमध्ये ९० व्होल्ट, १५ मिलिअँपिअर दिलंय, म्हणून कॅथोडला ६८०, ८२० ओहम, १के असं सगळं लावून पाहिलं. पखवाजाची थाप पडली की फाटतोच. पॉइंट कुठे ठेवू? शनिवारी कॅबिनेट बंद करायचंय.

खरखर_काका: हेडफोन किती ओहमचा? फॉलोअरच्या कॅथोडला काय लावलंय?

नेवा_किनारा: ६एन२३पी लावा, ईसीसी८८ च्या जागी चालणारी रशियन ट्यूब. पिना त्याच. माझ्याकडे फाटणं लगेच थांबलं.

खरखर_काका: तुमची आधीची ट्यूब खपलेली असेल. इथे ट्यूब बदलून काही होणार नाही.

सोल्डरधूर: हेडफोन साधा, ३२ ओहमचा. तिथे १०के आहे. पण माझा प्रश्न पहिल्या ट्रायोडचा आहे.

खरखर_काका: पहिलीचं ठीक आहे, तिला हात लावू नका. घोडं दुसरीत अडलंय. तिच्या कॅथोडवर ७७ च्या आसपास व्होल्ट असणार, १०के मधून ७.७ मिलिअँपिअर. तेवढाच करंट हेडफोनला मिळू शकतो. ३२ ओहमला तो म्हणजे पाव व्होल्ट, जेमतेम १ मिलिवॅट. थापेला त्याहून जास्त लागतं आणि तिथेच लाट कापली जाते. ३०० ओहमचा हेडफोन असता तर त्याच करंटात २.३ व्होल्ट मिळाले असते.

मॉसफेटवाला: म्हणूनच सांगतो, ट्यूब गेनपुरती ठेवा आणि मागे मॉसफेट बफर (हेडफोनला करंट पुरवणारा ट्रान्झिस्टर) लावा. ३२ ओहमला दुसरा शहाणा उपाय नाही.

नेवा_किनारा: मग ट्यूबचा अँप कशाला म्हणायचं त्याला? आउटपुट ट्रान्सफॉर्मर लावा.

अंगणातला_रेडिओ: आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ तापायला अर्धा मिनिट घ्यायचा. आधी डायलचा दिवा, मग हम्म, मग बातम्या. कुणाकडे त्याची डायलची दोरी आहे का?

खरखर_काका: दोरीचा वेगळा धागा काढा. सोल्डरधूर, १०के च्या जागी ४.७के लावा, १६ मिलिअँपिअर होतील. त्या ट्रायोडवर १.२ वॅट, मर्यादा १.८ आहे. रेझिस्टर मात्र ५ वॅटचा घ्या. आणि बदलण्याआधी एचटीचा कपॅसिटर रिकामा झाल्याचं मीटरने बघा. १५० व्होल्ट हातातून गेले की खेळ संपतो.

सोल्डरधूर: मित्राचा ३०० ओहमचा आणून लावला, १०के तसाच ठेवून. थाप अखंड येते! शाईवरचा तो घुमारासुद्धा. म्हणजे तुमचंच बरोबर. आता ४.७के लावतोच.

खरखर_काका: थांबा. सप्लायचा ट्रान्सफॉर्मर किती मिलिअँपिअरचा?

सोल्डरधूर: ५० लिहिलंय. पुरेल ना?

खरखर_काका: ४.७के लावलं तर दोन्ही चॅनेलचे (डावा-उजवा) मिळून ३७ होतात. ब्रिज (एसीचं डीसी करणारा) आणि कपॅसिटरनंतर ५० मधले साधारण ३० च धरायचे. ६.८के लावा, २७ मध्ये बसेल. ३२ ओहमवाला मात्र मोबाईललाच ठेवा.