'बाहुलीला नाचवते' : नाचतं नक्की कोण?

प्रश्न : आम्ही नागपुरात एक समकालीन नृत्य बसवतोय. तिघं मिळून एक कापडी बाहुली हलवतात, मग तिला खाली ठेवतात आणि स्वतःच तिच्यासारखे हलू लागतात. दोऱ्या कुठेच नाहीत. पत्रकात 'कळसूत्री बाहुली' लिहिलंय, ते बरोबर आहे का? शिवाय नाचताना म्हणायची एक ओळ आहे, 'बाहुलीला नाचवते'. तिचा अर्थ काय, यावर तालमीत दोन तट पडलेत.

प्रतिसाद : ताई, 'कळसूत्री' काढाच. त्यात सूत्र आहे, म्हणजे दोरी. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत दोरीवर नाचवतात त्या कळसूत्री. तुमची रीत जपानच्या बुनराकू या बाहुलीनाट्याच्या जवळची आहे. तिथे मुख्य कलावंत बाहुलीचं डोकं आणि उजवा हात सांभाळतो, दुसरा डावा हात आणि तिसरा पाय. तिघं प्रेक्षकांना दिसतात. बाहुलीचे संवाद मात्र बाजूला बसलेला निवेदक, म्हणजे तायू, म्हणतो. एकाच पात्राची हालचाल तिघांत वाटलेली आणि भाषा चौथ्याकडे! पत्रकात नुसतं 'बाहुली' लिहा, पुरे.

आता तुमची ओळ. तिच्यात दोन क्रियापदं एकाच रूपात उभी आहेत. 'ती बाहुलीला नाचवते' हे प्रयोजक, नाचवणारी वेगळी. 'बाहुलीला नाचवते', म्हणजे तिच्याने नाचणं होतं, हे शक्य क्रियापद. 'मला आता चालवत नाही' म्हणतो ना, तेच. पहिल्यात बाहुली कर्म, दुसऱ्यात ती स्वतः करणारी, आणि 'ला' दोन्हीकडे सारखाच. तुमचे दोन्ही तट बरोबर आहेत.

प्रतिसाद : व्याकरण मान्य, पण कानाचं काय? ही ओळ ऐकून आपल्या इकडचा माणूस प्रयोजकच समजेल. आणि 'बाहुलीला नाचवून राहिली' म्हटलं, तर दुसरा अर्थ उरतच नाही, 'राहिली'तून नाचवणारी बाई लगेच समोर येते. तुम्हाला दोन्ही अर्थ हवेत, तर हे नागपुरी रूप इथे नको. एरवी मला ते फार आवडतं.

आणखी एक. कोणी त्या बाहुलीला 'पुतळा' म्हणायचं सुचवलं तर ऐकू नका. आपल्याकडे नागपुरात मिरवणुकीत निघणाऱ्या मारबत आणि बडगे यांना पुतळे म्हणतात, पण ते 'काढतात', मिरवतात. 'नाचवणे' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे कोपर, मनगट, मान येते. सांधे हवेत.

प्रश्नकर्ती : दोन्ही अर्थ हवेतच. मग ओळ बदलू का?

पहिला प्रतिसादक : नकारात न्या. शक्य क्रियापद आपण बोलताना बहुतेक नकारातच वापरतो : बघवत नाही, जेववत नाही. 'बाहुलीला नाचवत नाही' म्हटलं की कोणी तिला नाचवत नाही आणि तिच्याने नाचणं होत नाही, हे दोन्ही सहज ऐकू येतं. करणारा बाई की पुरुष, हेही उघड होत नाही. तिघं तिला खाली ठेवतात तिथे ही ओळ घ्या. फक्त 'तिला' करू नका, 'बाहुलीला'च ठेवा, नाहीतर नर्तकीबद्दल बोलताय असं वाटेल.