इंजिन गरम झाल्यावर व्हॅनचा सेल्फ लागत नाही: दोष नेमका कोठे शोधावा?

प्रश्न (तासगाव)
माझ्या जुन्या डिझेल व्हॅनमधून द्राक्षांच्या पेट्या सांगलीला जातात. सकाळी गाडी पहिल्या चावीला सुरू होते; परंतु दुपारी माल उतरवून लगेच सेल्फ मारला की एक बारीक ‘टक्’ आवाज येतो आणि इंजिन फिरतच नाही. गाडी थंड झाली की काही झालेच नव्हते अशी सुरू होते. बॅटरी नवी आहे. गॅरेजमध्ये आख्खा स्टार्टर (सेल्फची मोटर) बदलायला सांगितले आहे, पण दोष कळल्याशिवाय एवढा खर्च करणे मला पटत नाही. तपासणी कोठून सुरू करावी?

उत्तर (मिरज, ऑटो इलेक्ट्रिशियन)
गाडी अडून बसलेली असतानाच हेडलाइट लावून चावी फिरवा. दिवे एकदम मंद झाले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा मोटर आतून जाम होऊन भरमसाट करंट ओढते आहे. दिवे तसेच प्रखर राहिले, तर मोटरपर्यंत करंट पोहोचतच नाही. ‘टक्-टक्-टक्’ असा सलग आवाज बहुधा उतरलेल्या बॅटरीचा किंवा सैल टर्मिनलचा असतो. आपला आवाज तसा नाही.

यानंतर मल्टिमीटर घ्या. पूर्ण चार्ज बॅटरी स्वस्थ असताना सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते आणि सेल्फ फिरताना ती 9.6 च्या खाली जाऊ नये. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून स्टार्टरच्या जाड बोल्टपर्यंतची घट 0.5 व्होल्टच्या आत, तर स्टार्टरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतची घट 0.2 ते 0.3 च्या आत हवी. ही घट मात्र सेल्फ प्रत्यक्ष फिरत असतानाच मोजावी, कारण करंट वाहत नसेल तर सडलेली केबलसुद्धा मीटरवर निर्दोष दिसते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गाडी गरम असताना कोणाला तरी चावी धरायला सांगून सोलेनॉइडच्या (स्टार्टरवरचा, मोटरला करंट जोडणारा विद्युतचुंबकी स्विच) लहान टर्मिनलवर किती व्होल्ट येतात ते पाहा. गियर न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला असू द्या.

उत्तर (सातारा)
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. केवळ गरम झाल्यावरच असे का होते, तेवढे सांगतो. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो. 20 अंशांवरून 100 अंशांवर गेल्यास तो सुमारे 30 टक्क्यांनी जास्त होतो. त्यामुळे सोलेनॉइडच्या कॉइलमधून कमी करंट जातो, तिची ओढ कमी पडते, आणि इग्निशन स्विचचे कॉन्टॅक्ट झिजून आधीच व्होल्टेज कमी येत असेल तर सोलेनॉइडमधील संपर्क पूर्ण जुळत नाही. सेल्फ फिरतो पण इंजिन फिरत नाही, अशी तक्रार असती तर मी बेंडिक्सवर (सेल्फची फिरकी इंजिनला जोडणारे दातेरी चाक) संशय घेतला असता. येथे तसे नाही.

प्रश्नकर्ता
आज दुपारी मोजले. दिवे प्रखर राहिले, बॅटरी 12.3 वर होती आणि लहान टर्मिनलवर केवळ 8.4 व्होल्ट आले. सकाळी सेल्फ फिरताना जाड केबलवर 0.3 आणि अर्थिंगच्या बाजूला 0.1 एवढी घट होती.

उत्तर (मिरज, ऑटो इलेक्ट्रिशियन)
मग जाड केबल आणि अर्थिंग दोन्ही ठीक आहेत. जवळजवळ चार व्होल्ट चावीच्या वाटेवर, म्हणजे इग्निशन स्विच, कपलर आणि बारीक वायर यांत, हरवत आहेत. हा पुरावा हाती असताना स्टार्टर बदलू नये. आधी स्विच व कपलर तपासून घ्या आणि सोलेनॉइडसाठी बॅटरीवरून फ्यूजसह वेगळी वायर घेऊन मध्ये रिले (थोड्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) बसवा. चावीने फक्त रिले चालेल. एवढे करूनही गरम इंजिनवर सेल्फ जड फिरू लागला, तर मात्र तो उतरवून बुश (शाफ्टला आधार देणाऱ्या कड्या) आणि कार्बन (आर्मेचरला करंट देणारे ब्रश) पाहावे लागतील, कारण बुश झिजले की आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) फील्ड कॉइलच्या खांबांना घासते. सेल्फला हात लावण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. त्या जाड केबलमध्ये चावी बंद असतानाही करंट असतो आणि बहुतेक जुन्या गाड्यांत तिला फ्यूज नसतो.