मशीनवाल्यांनी दांड्या बुडवल्या आणि नळाचं पाणी तपकिरी झालं. पाणी खरंच वाईट आहे का?

कृष्णाकाठची सूनबाई

नमस्कार. आमचं गाव वाळवा तालुक्यात, नदीपासून थोडं आत. उंबरा फार नाही, सगळे सगळ्यांना ओळखतात एवढंच गाव. नदीवरच्या जॅकवेलमधनं, म्हणजे पंप बसवलेल्या विहिरीतनं, पाणी उंच टाकीत येतं आणि तिथनं नळाला. उन्हाळ्यात नदी आटली की त्यात बोअरचं पाणी मिसळतात. पाणी एक दिवसाआड सुटतं, सकाळी साडेसहाला, पाऊण तास. आमची गल्ली लाईनीच्या पार टोकाला, मळ्याच्या वाटेवर. वरच्या आळीची पिंपं भरल्याशिवाय आमच्याकडं धार पोचत नाही.

मागच्या आठवड्यात पाण्याच्या मशीनवाले दोघं आले. देवळासमोर टेबल टाकलं, दोन ग्लास ठेवले. एकात माझ्याच नळाचं पाणी, मीच भरून दिलेलं, दुसऱ्यात त्यांच्या मशीनचं. मीटर बुडवला तर नळाच्या पाण्याला ६४० आला आणि मशीनच्या पाण्याला ४०. मग दांड्या असलेलं एक यंत्र दोन्ही ग्लासांत सोडून बटण दाबलं. बघता बघता आमच्या पाण्याला हिरवट फेस आला, मग ते गढूळ झालं आणि शेवटी गंजाच्या रंगाचा गाळ खाली बसायला लागला. मशीनचं पाणी मात्र होतं तसंच. "हे रोज पोटात जातंय वहिनी," म्हणाले. आमच्या सासूबाईंनी ग्लास उजेडाला धरून बघितला आणि त्या दिवसापासून नळाचं पाणी तोंडाला लावलेलं नाही. गल्लीत बऱ्याच जणांनी हप्त्यावर मशीन बुक केलंय.

मला खरी काळजी आहे ती पोरांची. पावसाळ्यात गल्लीत जुलाब-उलट्या फार झाल्या. माझी धाकटी आठ महिन्यांची आहे, आत्ताच वरचं खाणंपिणं सुरू केलंय. नणंद पुण्यात सिंहगड रस्त्याला राहते. २०२५ च्या जानेवारीत तिकडं जीबीएसचे (हातपाय लुळे पडणाऱ्या नसांच्या आजाराचे) पेशंट निघाले तेव्हापासून ती फोनवर रोज पाण्याचंच विचारते. वरच्या आळीत एवढा त्रास नाही, आमच्याकडंच का? पाणी तर एकाच टाकीतलं. आणि मशीन घ्यावं का? माहितगारांनी सांगा.

पेठ नाका

आम्ही काही वर्षं आरओ, म्हणजे तेच क्षार काढणारं मशीन, वापरतोय. चहाला चव येते, पातेल्याला पांढरा थर बसत नाही, डाळ लवकर शिजते. पण मशीनमधनं वाया जाणारं पाणी बघवत नाही. बादली लावून ठेवतो आणि ते पाणी फरशीला वापरतो. फिल्टर बदलायचा खर्च धरून विचार करा. आजारपण कमी झालं का, ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

मिरजेचा जुना केमिस्ट

ताई, पाणी तपासण्यात माझी नोकरी गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी त्या दांड्यांचं. त्यात एक दांडी लोखंडाची असते, एक ॲल्युमिनियमची. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, वीज वाहिली की लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज होऊन खाली बसतो. तुम्ही जो गाळ बघितलात तो त्यांच्या दांडीचा. तुमच्या पाण्यात तो नव्हता. मशीनच्या पाण्यातले क्षार काढून टाकलेले असतात, त्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही, म्हणून ते पाणी स्वच्छ दिसतं. पुन्हा आले तर त्यांच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा आणि तोच प्रयोग सगळ्यांसमोर करा. तेही पाणी तपकिरी होईल. सासूबाईंना हे प्रत्यक्ष दाखवा, सांगून भीती जाणार नाही.

आता ६४०. तो आकडा पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज आहे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, साधं मीठ, सगळं आलं. भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत योग्य धरलंय आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेता येतं. आपल्या उसाच्या पट्ट्यात बोअरचं पाणी मिसळलं की ६४० येणारच. चव मचूळ लागेल, पातेल्याला थर बसेल. त्यानं जुलाब होत नाहीत.

जुलाब होतात जंतूंमुळं, आणि मीटरला जंतू कळतच नाहीत. चांगल्या पाण्यात गटारीचं पाणी थोडंसं मिसळलं तरी आकडा जागचा हलणार नाही. उलट चव गोड लागणाऱ्या पाण्यानंही कावीळ, टायफॉइड पसरतो.

म्हणून तुम्ही शोधायची गोष्ट वेगळी आहे: तुमच्या नळाला क्लोरीन पोचतंय का. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतात ती जंतू मारते आणि थोडं क्लोरीन पाण्यात शिल्लक राहतं. ते वाटेत शिरणाऱ्या घाणीशी लढायला असतं. मानकाप्रमाणे ते लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम तरी शेवटच्या नळाला मिळायला हवं. टाकीखालच्या नळाला मिळून उपयोग नाही. उपकेंद्रातल्या आरोग्यसेवकाकडं किंवा आशाताईंकडं ओटी टेस्टचं औषध असतं. छोट्या नळीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. (ते पाणी नंतर ओतून द्यायचं, कुणी पिऊ नये.) पाणी सुटतं त्या दिवशी ही टेस्ट टाकीजवळच्या नळाला आणि लगेच तुमच्या नळाला करून घ्या. वर पिवळं आणि तुमच्याकडं पांढरं आलं तर मधल्या लाईनीत काहीतरी क्लोरीन खातंय. बहुतेक वेळा ते गटारीचं पाणी असतं. दोन्हीकडं पांढरं आलं तर पावडर पडत नाही किंवा पावडरीत दम राहिलेला नाही. वरच्या आळीला त्रास कमी आणि तुम्हाला जास्त, यावरून माझा संशय लाईनीवर आहे.

आणखी एक विचारा. जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झालं, त्यात प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायचं शिकवून किट द्यायचं ठरलंय. तुमच्या गावाचं किट कुणाकडं आहे? त्यातल्या जंतूंच्या बाटलीत पाणी भरून उबदार जागी एक-दोन दिवस ठेवलं आणि ते काळं पडलं, तर पाण्यात मैल्याची घाण आहे असं समजायचं. कित्येक गावांत ते किट कपाटात पडून औषधाची मुदत संपलेली मी बघितलंय. मुदत बघूनच वापरा.

बाळाचं वेगळं सांगतो. तिला पाणी उकळून, गार करूनच द्या. चांगलं खळखळ उकळू द्या, नुसतं कोमट नको. मात्र एका गोष्टीला उकळणं चालत नाही: नायट्रेट. उसाला घातलेला युरिया आणि संडासचे शोषखड्डे यांतून ते बोअरच्या पाण्यात उतरतं. रंग नाही, वास नाही, चव नाही. मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर आणि त्यात सूट अजिबात नाही, कारण तान्ह्या बाळाच्या रक्तातला प्राणवायू त्यानं कमी होतो आणि बाळ निळसर पडतं. सहा महिन्यांच्या आतली, बाहेरच्या दुधावरची बाळं सर्वांत धोक्यात. तुमची त्यापेक्षा मोठी आहे, तरी बोअरचं पाणी मिसळतात त्या दिवसांत नायट्रेट तपासून घ्याच. उकळून पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण वाढतं. तपासणीत ते जास्त निघालं तर आरओचा खरा उपयोग आहे, तेव्हा जरूर घ्या. दांड्या बघून घेऊ नका.

वॉलमन, खटाव तालुका

ताई, मी आमच्या गावात पाणी सोडतो. काकांनी सांगितलं ते बरोबर हाय, त्यात माझं थोडं जोडतो.

पावडरीचा हिशोब सोपा हाय. हजार लिटरला पाच ग्रॅम. पन्नास हजारांची टाकी असंल तर पाव किलो. ही मापं ताज्या पावडरीची. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की पावडरीतला क्लोरीन उडून जातो आणि नुसता चुना उरतो. वास घेऊन बघा, नाकाला झोंबली पायजे. मी बादलीत कालवतो, चुना खाली बसू देतो आणि वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत सोडतो. मग अर्धा तास थांबल्याशिवाय वॉल खोलत नाही. टाकी भरताना वरनं कोरडी पावडर फेकून लगेच पाणी सोडलं तर ती पावडर काय कामाची? पावसाळ्यात पाणी गढूळ असलं की तेवढी पावडर पुरत नाही, घाणच ती खाऊन टाकती.

आता तुमच्या गल्लीचं. तुमच्या लाईनीवरचा वॉलचा चेंबर जाऊन बघा, जमलं तर आजच. झाकण उचला. आत कोरडं असलं पायजे. आमच्याकडं एका आळीला असाच त्रास होता. चेंबर उघडला तर वॉल पार बुडालेला, वर काळं पाणी, प्लास्टिकच्या पिशव्या, आणि शेजारच्या मोरीचा पाईप त्यातच सोडलेला. पाणी चालू असताना आतनं दाब असतो, तवर गळती बाहेर पडती. पाणी बंद झालं की पाईप रिकामा होतो आणि तेच काळं पाणी आत ओढून घेतो. दुसऱ्या दिवशी पहिली धार तीच.

आणि नळाला मोटर लावणारे! पाणी कमी येतं म्हणून एकानं लावली की दुसरा लावतो. मोटर पाईपमधनं ओढती तेव्हा जिथं भेग असंल तिथनं गटार पण ओढती. टोकाच्या घरांना पाणी पोचत न्हाई आणि पोचलं तर घाण पोचतं. आमच्या ग्रामसभेत यावर लई भांडणं झाली, पण मोटरी बंद झाल्या. मी स्वतः पाणी सोडताना फिरून बघतो. पहिली पाच-सात मिनिटं येतं ते पाणी पिंपात घेऊ नका, झाडाला घाला.

कृष्णाकाठची सूनबाई

दादा, काका, दोघांचे मनापासून आभार. आशाताईंना घेऊन टेस्ट केली. टाकीखालच्या नळाला स्वच्छ पिवळा रंग आला. माझ्या नळाला काहीच नाही, पाण्यासारखं पाणी. आशाताईंनी पुन्हा एकदा करून बघितली, तेच.

मग मी आणि शेजारची वहिनी चेंबर बघायला गेलो. झाकण फुटलेलं आहे, त्यावर कुणीतरी फरशीचा तुकडा ठेवलाय. आत वॉल दिसतच नाही. रस्त्याची गटार भरली की तिथंच येऊन थांबते, कारण २०१९ च्या पुरानंतर रस्ता उंच केला आणि चेंबर खाली राहिला. रोज त्याच्यावरनं ये-जा करतो आम्ही. फोटो काढलेत. सरपंचांना दाखवले, ते स्वतः येऊन बघून गेले आणि चेंबर उंच बांधायचं बोललेत. ग्रामसभेत मी मोटरींचं बोलणार आहे. आमच्याच भावकीतल्या दोन घरांना मोटर आहे, बोलाचाली होईल, होऊ दे. पोरांच्या पोटापुढं त्याची पर्वा नाही.

मिठाचा प्रयोग मशीनवाले हप्ता घ्यायला आल्यावर करणार आहे. दोन घरांनी बुकिंग रद्द करायचं ठरवलंय, बाकीचे बघू म्हणतात.

दोन शंका राहिल्या. चेंबरचं काम होईपर्यंत स्टँडवरच्या पाण्याच्या एटीएमचं (पैसे टाकून पाणी भरायच्या मशीनचं) जारचं पाणी आणावं का? आणि नायट्रेटसाठी पाणी कुठं आणि कशात न्यायचं?

मिरजेचा जुना केमिस्ट

फार चांगलं काम केलंत. आता चेंबर उंच झाला म्हणजे झालं असं समजू नका. लाईन दुरुस्त केल्यावर जास्त पावडरीचं पाणी सोडून ती धुऊन काढायला सांगा आणि तुमच्या नळाला पुन्हा ओटी टेस्ट करा.

जारचं पाणी आणायला हरकत नाही, पण ते जंतुमुक्तच असेल असं धरून चालू नका. त्यात क्लोरीन उरलेलं नसतं, त्यामुळं जार नीट धुतलेला नसेल किंवा कुणी हात बुडवला तर जंतूंना मोकळं रान. बाळाला तेही उकळूनच द्या. घरात पिंपाला तोटी बसवा किंवा लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. सगळ्यांनीच नळाचं पाणी सध्या उकळून प्या, पुरेल तेवढंच रोज उकळा.

तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पाणी प्रयोगशाळा आहे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकानं (गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्यानं) नमुना पाठवला तर उत्तम, तुम्ही स्वतःही नेऊ शकता. सामान्य माणसाचं पाणी नाममात्र शुल्कात तपासून मिळतं. नायट्रेट आणि बाकीच्या रसायनांसाठी दोन लिटरचा स्वच्छ कॅन चालेल, तो आधी त्याच पाण्यानं दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरा. जंतूंसाठी मात्र घरची बाटली नको. प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली मिळते, त्यात क्लोरीन मारणारं औषध आधीच घातलेलं असतं, म्हणून ती विसळायची नाही. नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या, तोंडाला हात न लावता बाटली भरा, थोडी जागा मोकळी सोडा. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा. जंतू वाढवून बघायला एक-दोन दिवस लागतात, त्यामुळं शनिवारी नेऊ नका, सोमवार-मंगळवारच धरा. तुमचं पाणी एक दिवसाआड येतं, तर आधी फोन करून कोणत्या वारी नमुना घेतात ते विचारा आणि त्याप्रमाणे दिवस ठरवा. कॅनवर गाव, नळ कुणाचा, तारीख, वेळ आणि त्या दिवशी बोअरचं पाणी मिसळलं होतं की नाही, हे नक्की लिहा.