गरिबी हे अर्धंच उत्तर
'गरिबीच मुलांना गुन्हेगारी टोळीत ढकलते' हे या चर्चेतलं म्हणणं मला अर्धंच पटलं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनने १९३८ मध्ये साधारण हेच मांडलं: यशाची स्वप्नं सगळ्यांना, सरळ मार्ग मोजक्यांना. पण त्याच वस्तीतली बहुतेक मुलं टोळीत जातच नाहीत, त्यांचं काय?

इथे क्लोवर्ड आणि ओहलिन या गुन्हेगारीच्या अभ्यासकांची १९६० ची मांडणी कुणी काढलेली दिसली नाही. ती अशी: बेकायदा वाटासुद्धा सगळ्यांना सारख्या खुल्या नसतात! शिकवणारा लागतो, माल खपवणारा लागतो, कुणीतरी आत घ्यावं लागतं. वेश्याव्यवसायातही आत आणणारा कुणीतरी असतोच. त्याबद्दल बोलताना आपण बाईचं बालपण, तिच्यावरचे अत्याचार खोदत बसतो (ते महत्त्वाचं आहेच), पण तिला तिथवर आणणारा दलाल, 'प्रियकर' किंवा नातेवाईक सिद्धांतातून अलगद निसटतो. अल्पवयीन मुलींच्या बाबतीत तर मला हे जास्तच खटकतं.